मालगुजारी कोणत्या विचाराने गेली

एक्कावन्न सालचा मार्च संपला त्या दिवशी मालगुजारी गेली. पटवारी आला. त्याने दप्तर मागितले. गावाचा सारा गोळा करणारे आमचे मालगुजार, ज्यांना सगळे मालक म्हणत, त्यांनी ते दिले. पटवाऱ्याने पावती लिहिली. मालकांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं गा?"

"सरकारच्या," पटवारी म्हणाला.

"सरकारले कोणं सांगतलं?"

"कायदा झाला, मालक."

"कायदा झाला ते समजते मले. पर त्याच्या आंधी कोणं तरी इचार केला असन ना? तो कोण?"

पटवाऱ्याला ते ठाऊक नव्हते. गावातही कोणाला ठाऊक नव्हते. इतर गावांचे मालगुजार त्या उन्हाळ्यात वकिलांकडे गेले, कोणी मंत्र्यांकडे गेले, कोणी अंथरूण धरले. आमचे मालक जुलै महिन्यात नागपूरला गेले आणि कॉलेजात बी.ए.च्या वर्गात जाऊन बसले. वय छत्तीस, तीन लेकरांचे बाप. तरुणपणी इंटर होऊन वडिलांच्या मृत्यूमुळे त्यांचे शिक्षण सुटले होते. ते जिथे सुटले तिथून त्यांनी पुन्हा धरले. विषय घेतला राज्यशास्त्र. कोणी कारण विचारले की एकच उत्तर असे : "माही मालगुजारी कोणत्या इचारानं गेली, ते पाहून येतो."

आमचे गाव अर्जुनीच्या बाजूला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले की प्रतापगडाचा डोंगर दिसतो. माझे वडील मालकांची जमीन कुळाने करत. त्याच वर्षी मीही इंटर होऊन बी.ए.ला चाललो होतो, आणि विषयही तोच. निघण्याआधी वडील मला मालकांच्या पाया पडायला घेऊन गेले. मालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "माहे इंग्रजी गंजलं. तू माह्यासंग एका खोलीत राह्य. तू वाच, मी आयकतो." त्या दिवसापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. मी पुढे खरोखरच मास्तर झालो, पण पदवी त्यांनी आधी दिली.

आम्ही छोट्या गाडीने गोंदियाला येत असू आणि तिथे नागपूरची गाडी धरत असू. गोंदिया स्टेशनवरचा चहावाला मालकांना जुना ओळखत होता. त्यांच्या हातात वह्या पाहून तो दर खेपेला विचारी, "मालिक, इस उमर में इस्कूल?" मालक बशीत चहा ओतत म्हणत, "तूही चल. तुले बी समजन तुही चहाची गाडी कोण घेऊन जाणार हाय ते." तो हसे, पण गाडीच्या दांड्यावरचा हात काढत नसे.

नागपूरच्या आमच्या खोलीत एक खाट आणि एक खुर्ची होती. पहिल्या आठवड्यात मी सगळे वाचन उभे राहून केले. तसे करायला कोणी सांगितले नव्हते. माझे वडील मालकांसमोर बसलेले मी कधी पाहिले नव्हते, म्हणून माझेही गुडघे वाकले नाहीत. मालक खाटेवर पडून, डोळे मिटून ऐकत. आठव्या-नवव्या दिवशी वर्गात 'समता' हा धडा झाला. सगळी माणसे जन्मतः सारखी की नाहीत, यावर आमच्या प्राध्यापकांनी तासभर सांगितले. संध्याकाळी मी तेच पुस्तक वाचत होतो. मालकांनी मध्येच डोळे उघडले.

"तू उभा काऊन आहेस गा?"

मी बोटाची खूण ठेवून पुस्तक मिटले.

"किती दिवसांपासून उभा आहेस?"

"आलो तेव्हापासून, मालक."

ते उठून बसले. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "आठ दिवस झाले," ते म्हणाले, "आणि मले दिसलंच नाही." मग त्यांनी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली आणि जरा चिडूनच म्हणाले, "बस. आता मांगचं पान पुन्हा वाच. मी काही आयकलं नाही."

आमचे प्राध्यापक पुण्याकडचे होते. सडपातळ, चष्मा लावणारे, बोलणे मोजून-मापून. मालक पहिल्या बाकावर बसत आणि ज्या तासाला वर्गात कोणी प्रश्न विचारत नसे त्या तासाला हमखास उठत. सामाजिक कराराचा सिद्धान्त चालला होता. राज्य हे माणसांनी आपसांत केलेल्या करारातून निर्माण झाले, असे प्राध्यापक सांगत होते.

मालक उठले. "त्याच्यावर सह्या कोणाच्या हायेत, सर?"

"कशावर?"

"करारावर. आमच्याकडचा आडाणी माणूसबी आंगठा उठवते."

वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत. "हा करार ऐतिहासिक नाही. तो गृहीत धरलेला आहे. काल्पनिक."

"मंग कोणं मोडला तं दावा कुठं लावाचा?"

प्राध्यापकांनी खडू ठेवला. "हा प्रश्न," ते सावकाश म्हणाले, "गेली दोनशे-तीनशे वर्षे लोक विचारताहेत. तुम्ही खाली बसा, मी उद्या उत्तर देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण तास त्यावर घेतला. मालकांचे समाधान झाले नाही, पण खोलीवर येऊन ते म्हणाले, "माणूस इमानदार हाय. येत नाही म्हनते आणि घरून करून आणते."

प्रत्येक विचार गावात नेऊन लावून पाहायचा, ही त्यांची सवय. व्यक्तिवाद वाचून झाला की म्हणत, "हे आपल्या रोवण्याच्या दिवसांत चालन का? सगळं गाव चिखलात, आणि एक जण म्हनते, मी माह्या मर्जीनं येईन." राज्यच नको म्हणणारा अराज्यवाद वाचला तेव्हा त्यांना दोन दिवस मोठी गंमत वाटत होती. "म्हंजे पटवारी नाही, पोलीस नाही, मालगुजार नाही. वा! पर मंग तुडूम कोण खोलन?" तलावाचे पाणी सोडायचे जे दगडी तोंड असते त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. साऱ्या जगाचे राज्यशास्त्र मालकांच्या लेखी शेवटी त्या तोंडाशी येऊन थांबे.

आणि माझा जीवही तिथेच अडकलेला होता.

मालगुजारी गेली तेव्हा गावचा तलाव सरकारकडे गेला. पण मालकांचे साळे गोंदियाला वकील होते. त्यांचे म्हणणे असे की तलाव मालकांच्या घरच्या शेतीला लागून आहे, तो खाजगी दाखवता येतो. मुदतीत अर्ज केला तर तो मालकांचाच राहील. दर महिन्याला त्यांचे पत्र येई. मालक ते वाचत, पुस्तकात खुणेसाठी ठेवत आणि म्हणत, "थांब गा. आंधी शिकून घेऊ दे. इचार बरोबर नसन तं अर्ज करतो." आमची शेती तलावाच्या शेवटाला. वरच्या बांध्यांचे, म्हणजे धानाच्या खाचरांचे, पोट भरले की आमच्याकडे पाणी यायचे. गावाचा तलाव असला तर ते हक्काने यायचे. मालकांचा झाला तर मागावे लागणार. गावातल्या सत्तावीस घरांचे तेच.

म्हणजे आमच्या वर्गात जो विचार शिकवला जाई त्यावर माझ्या वडिलांचे धान ठरणार होते. समाजवादाचे प्रकरण चालू असले की मला झोप चांगली लागे. उपयुक्ततावादाच्या दिवसांत, जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हे ऐकून मी मनात घरे मोजली आणि निर्धास्त झालो. मालक मात्र म्हणाले, "हे ठीक नाही. सत्तावीस घरांच्या सुखासाठी एक घर लुटलं तं हिशोब जमतेच. पर लुटलं ते लुटलंच." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मालमत्तेचे प्रकरण आले. मी ते आधी वाचून ठेवले होते. त्यात एक पान असे होते की माणूस मातीत आपली मेहनत मिसळतो म्हणून ती माती त्याची होते, आणि ती काढून घेण्याचा अधिकार राजालाही नाही. फार सुरेख लिहिलेले पान. वाचताना मला वाटले, हे मालकांच्या कानी पडले तर ते उठून अर्ज करतील. रविवारची सकाळ होती. मालक दाढी करत होते आणि मी खुर्चीवर बसून वाचत होतो. ते पान आले. मी दोन पाने एकत्र उलटली आणि पुढे वाचू लागलो.

मालकांचा वस्तरा थांबला. आरशातूनच त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर."

"जी."

"पान उलटताना तुहा आवाज बारीक झाला."

मी पुस्तक जरा वर धरले.

"मांगं जाय."

मी मागे गेलो. ते पान वाचून दाखवले. माझा आवाज चांगलाच बारीक झाला होता. मालकांनी अर्धी दाढी तशीच ठेवून सगळे ऐकले. मग म्हणाले, "तुहा बाप तलावाच्या शेवटाले हाय. मले मालूम हाय तू काऊन गाळलं ते. पर एक सांगतो. जो इचार माह्या इरुद्ध हाय तो तू धडधडा वाचतं, आणि मी आयकतो. तं माह्या बाजूचा बी आला पाह्यजे. नाई तं मी इथं आलो कायले?" एवढे बोलून त्यांनी राहिलेली दाढी केली. त्यानंतर त्यांनी ही गोष्ट कधी काढली नाही. मी आयुष्यात पुष्कळ वर्गांना पुष्कळ पाने वाचून दाखवली. ज्याच्याशी आपले पटत नाही ते पान मी तेव्हापासून जरा मोठ्याने वाचतो.

परंतु त्या पानाने व्हायचे ते झालेच. "तलाव माह्या पणज्यानं बांधला," मालक म्हणू लागले. "मेहनत मिसळली. आता सांग." उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी निघालो तेव्हा वकिलांचा तयार अर्ज त्यांच्या पिशवीत होता. फक्त सही व्हायची होती.

आमच्या गावची एक रीत होती. पावसाच्या आधी, जेठात, दर घरातून एक माणूस दोन दिवस तलावाच्या पाळीवर माती टाकायला येई. वर्षभरात गुरांच्या खुरांनी पाळ झिजते, उंदीर बिळे करतात. ती बुजवली नाही तर पहिल्या मोठ्या पावसात पाळ फुटते. मालकांचे वडील झाडाखाली खाट टाकून बसत आणि संध्याकाळी सगळ्यांना वरणभात असे. त्या जेठात कोणी आले नाही. मालकांनी विचारले तेव्हा माणसे म्हणाली, "आता सरकारचा तलाव हाय जी. सरकार टाकन माती."

मालक तसेच पारबता बुढीकडे गेले. मी मागे होतो. बुढी ऐंशीच्या पुढची, आणि गावात मालकांना अरे-तुरे करणारी ती एकटीच.

"आजी, तलाव कोणं बांधला?"

"माह्या सासूनं," बुढी म्हणाली.

"माह्या पणज्यानं नाही?"

"तुह्या पणज्यानं खाट टाकली. माती माह्या सासूनं वाह्यली. सात उन्हाळे. तिच्या टाळूवरचे केस टोपलीनं गेले ते पुन्हा आलेच नाही." मग म्हणाली, "पर अकल तुह्या पणज्याची होती, खोटं कायले बोलू? पाणी कुठून येते अन् कुठं अडवाचं, ते त्यालेच समजे."

"मंग तलाव कोणाचा म्हनाचा?"

"मले काय पुसतं? नागपूरले तू शिकून राह्यला का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कुदळ आणि टोपली घेऊन एकटे पाळीवर गेले. धोतर खोचलेले, डोक्याला दुपट्टा. बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. माझे वडील धावत आले आणि त्यांनी टोपलीला हात घातला. "अजी मालक, आमाले पाप लावता का?"

"पाप कायचं? तुमी टाकून नाई राह्यले म्हनून मी टाकून राह्यलो."

"सरकारचा तलाव हाय जी."

"सरकार नागपुरात हाय. मी वरीसभर तिथंच होतो. त्याले आपला तलाव मालूमच नाही."

वडील टोपली सोडेनात, मालकही सोडेनात. दोन मोठी माणसे एका टोपलीला धरून उभी होती आणि पाळीवर सगळे गाव जमले होते. तेवढ्यात पारबता बुढी काठी टेकत आली. "सोड ना गा," ती माझ्या वडिलांना म्हणाली. "भरू दे त्याले. उचलते का पाहू."

मालकांनी टोपली भरली. ज्याने आयुष्यात टोपली वाहिली नाही तो भरतो तशी, शीग लावून. ती गुडघ्यापर्यंत आली आणि तिथून वर जाईना. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मालक लाल झाले. मग माझी आई पुढे झाली. तिने टोपलीतली अर्धी माती हाताने खाली ओढली आणि म्हणाली, "अर्धीच भरा जी. पयल्या दिशी आमीबी अर्धीच भरतो." ती मालकांशी बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

अर्धी टोपली पाळीवर गेली. दुपारपर्यंत घराघरातून माणसे आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरणभात झाला. खाट टाकली नव्हती. मालक पंगतीत बसले, तर त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसे जेवेनात. "जेवा ना गा!" ते ओरडले. "वरण थंडं होऊन राह्यलं!"

नागपूरला परतल्यावर त्यांनी साळ्यांना कार्ड लिहिले आणि टाकण्यापूर्वी माझ्यासमोर धरले. "वाच. पान गाळू नको." कार्डावर होते : 'अर्ज करत नाही. तलाव माझा आहे असे सिद्ध करता येईल असे तुम्ही लिहिता. येईलही. परंतु मेहनत मिसळणाऱ्याची माती, हा विचार मी मानला आहे, आणि मी मिसळलेली मेहनत अर्धी टोपली आहे.'

यामुळे मालक समाजवादी झाले असे कोणी समजू नये. ते कोणताच वादी झाले नाहीत. सरकारवर त्यांचा राग होता तो राहिला. "मालगुजारी गेली ते बरं झालं, असं माह्या तोंडून निंगणार नाही," ते म्हणत. "पर कोणत्या इचारानं गेली ते समजलं. तो इचार येड्याचा नव्हता."

चाचणी परीक्षेत आधुनिक विचारप्रणालींच्या पेपरात खाजगी मालमत्तेवर प्रश्न आला. मालकांनी तीन तास तोच एक प्रश्न सोडवला. त्यात पारबता बुढी होती, तिची सासू होती, पणजोबा होते, उंदरांची बिळे होती. ग्रंथाचा दाखला एकही नव्हता. ते नापास झाले. प्राध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावले. मी दाराशी होतो. "नियमाप्रमाणे मी तुम्हांला गुण देऊ शकत नाही," ते म्हणाले. "पण हे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. पत्नीने विचारलं, पाळ टिकली का?"

"टिकली," मालक म्हणाले. "बाईंना सांगा, टिकली."

वार्षिक परीक्षेत त्यांनी पाचही प्रश्न लिहिले आणि तिसऱ्या वर्गात पास झाले. मी पहिल्या वर्गात आलो. मालकांनी गावात माझे पेढे वाटले, स्वतःचे वाटले नाहीत.

पुढे ते गावीच राहिले. मी गोंदियाला शिकवू लागलो. दर जेठात दोन दिवसांची रजा काढून मी पाळीवर जाई. छप्पन साली आमचा मुलूख मुंबईला जोडला गेला, त्याच्या पुढच्या जेठात मालक टोपली भरता भरता म्हणाले, "आता सरकार मुंबईले गेलं. नागपुरातून दिसत नव्हता, तिथून काय दिसते? भर गा, भर." तोपर्यंत ते पाऊण टोपली उचलू लागले होते, त्याहून अधिक त्यांना कधी जमली नाही. प्रत्येक भेटीत विचारत, "मास्तर, नवा इचार कोणता निंगाला?" मी सांगे. ते ऐकत, शंका काढत, आणि त्यांच्या निम्म्या शंकांना मला उत्तर सापडत नसे.

या माघात तीन दिवसांच्या तापाने मालक गेले. मला कळले तेव्हा मी वर्गात होतो. पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. माझे वडील पाळीवर एकटेच बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "अखेरपर्यंत बांधीत पाणी आलं का पुसाले यायचे. आपून जावं तं मालक आपल्याच धुऱ्यावर उभे." एवढेच.

तलाव सरकारच्या दप्तरी आहे. सरकारने अजून तो पाहिलेला नाही. यंदा जेठात सत्तावीस घरांतून माणसे आली. मालकांच्या घरातून त्यांची सून आली. तिने टोपली अर्धीच भरली.